तोंडीचे वीस गुण

निमसे बाईंबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्यांच्या थांबण्याबद्दल लिहायला हवं. बाई मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. आम्ही बाकीचे मास्तर लोक प्रश्न विचारतो आणि तीन मोजायच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकतो. बाईंचं तसं नव्हतं. प्रश्न टाकला की हात मांडीवर, मान जराशी तिरकी, आणि गप्प. शेजारच्या वर्गात एखादी कविता सुरू होऊन संपायची तरी बाई गप्पच. त्यात राग नसायचा. धसईच्या नाक्यावर एसटीची वाट बघणारी बाई जशी निवांत असते, उशीर होईल पण गाडी येणार हे तिला माहीत असतं, तशा त्या बसायच्या. आणि यायचंच काहीतरी. तुटकं, उलटंसुलटं, पण त्या पोराच्या स्वतःच्या तोंडातलं.

आमची शाळा डोळखांबच्या बाजूला. मी गणित शिकवायचो आणि परीक्षाप्रमुख होतो. बाई इंग्रजीच्या. माहेर, सासर दोन्ही धसईचं. शहापुरात एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी मुरबाडवरून घरी जायच्या. बोलणं अस्सल तिकडचं. आमचे चित्रकलेचे सर एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "बाई, इंग्रजीच्या शिक्षिका तुम्ही. निदान मराठी तरी शुद्ध बोला."

"माझं मराठी बरं हाय, सर," बाई डबा उघडत म्हणाल्या. "तुमच्यासारखं इस्त्री केलेलं नाय, इतकंच."

त्या बोलण्याची लाज बाईंना कधी वाटली नाही. त्यांचं इंग्रजीही त्याच हेलात जायचं. म्हणूनच की काय, वाडी-पाड्यावरची मुलं त्यांच्यापुढे तोंड उघडायची.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे आठवीत दोन तुकड्या व्हायच्या. एक सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. दुसरी साधी, सगळं मराठीतून. सेमीच्या खोलीत मुलं मावायची चाळीस. म्हणून सातवीत शाळा स्वतःची निवड परीक्षा घ्यायची, इंग्रजीची. ऐंशी गुणांची लेखी आणि वीस गुणांची तोंडी. पहिले चाळीस सेमीला, बाकीचे साध्याला. कागदावर हे फार न्यायाचं दिसतं.

तोंडीची खरी रीत मात्र अशी होती की तोंडी होतच नसे. लेखीत साठ असले की तोंडीला सतरा, पन्नास असले की चौदा, असं चहा पिता पिता बसवून टाकायचं. एक जण नावं वाचायचा, एक जण आकडे सांगायचा. शंभर मुलांची तोंडी अर्ध्या तासात. मीही वर्षानुवर्षं असेच आकडे सांगत आलो होतो आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाई आल्या त्या वर्षी त्यांच्यापुढे यादी सरकवली. त्यांनी ती बघितली आणि परत सरकवली.

"मी यांना ऐकलंच नाय. आकडा कुठून आणू?"

"अंदाजाने टाका हो बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "सगळीकडे असंच चालतं."

"अंदाज भाताचा करतात, सर. किती पोती होतील ते. पोरगी काय बोलेल त्याचा कसा करायचा?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, एक खुर्ची आणि एक बाक मांडला. खुर्चीत मूल बसायचं आणि बाकावर बाई. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बोलणाऱ्याला टेकायला लागतं." समोर एक लांबट वही. नाव लिहायच्या, मग मूल जे बोललं त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं, चुकांसकट, आणि सगळ्यात शेवटी गुण. गुण मुलाला दाखवायच्या नाहीत. अठराच्या वर कोणाला दिलेले मी पाहिले नाहीत. एकेका मुलाला दहा-बारा मिनिटं. तीन आठवडे लागले. मुख्याध्यापक चिडले, आम्ही चेष्टा केली. चौथ्या वर्षी मी चेष्टा थांबवली, कारण ती वही मी एकदा सहज चाळली होती. एका पानावर लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर नो टॉक. ओन्ली काऊ टॉक.' खाली कंसात बाईंचं बारीक अक्षर, 'आजोबा घरात बोलत नाहीत, फक्त गाईशी बोलतात. विचारायचं का, ते ठरवलं नाही.' मी शाळेत वीस वर्षं होतो. त्या मुलाला आजोबा आहेत हे मला माहीत नव्हतं.

वहीत एक नाव सुगंधाचं होतं. गावाबाहेरच्या वाडीतली. दिवाळी झाली की तिचं घर वीटभट्टीवर जायचं ते पावसाच्या तोंडावर परत. अशी मुलं असतात म्हणून लेखी परीक्षा दिवाळीआधी घ्यायला बाईंनीच लावली होती. सुगंधाला लेखीत बावन्न पडले. तोंडी मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये सुगंधा भिवंडीच्या बाजूला एका भट्टीवर.

"गैरहजर लावा," मुख्याध्यापक म्हणाले.

"गैरहजर ती नाय, सर. शाळा गैरहजर हाय तिथं. मी जाते रविवारी."

शाळेबाहेर परीक्षा घ्यायची तर परीक्षाप्रमुख सोबत हवा, असा नियम मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे काढला. बाई मागे हटतील असं त्यांना वाटलं असणार. त्यामुळे त्या रविवारी मी दोन एसट्या बदलून आणि वर तासभर चालून, मनात शिव्या देत, बाईंच्या मागून त्या भट्टीवर गेलो.

सुगंधा चिखल तुडवत होती. बाईंना बघून पळत आली, पाय गुडघ्यापर्यंत लाल. बसायला काही नव्हतं. बाईंनी कच्च्या विटांच्या थप्पीवर आपली पिशवी अंथरून तिला बसवलं आणि स्वतः जमिनीवर उकिडव्या बसल्या. मुकादम लांबून बघत होता. बाईंनी विचारलं, इथे काय करतेस, ते मला सांग. इंग्रजीत. आणि थांबल्या.

पोरगी हाताची माती खरवडत बसली. मी घड्याळ बघितलं. मग ती बोलायला लागली.

"फर्स्ट मड. देन वॉटर. देन माय मदर्स लेग." तिने आईकडे बोट दाखवलं. "आफ्टर मदर, माय लेग. मदर लेग स्ट्राँग. माय लेग फास्ट." मग साचा कसा भरायचा ते सांगितलं, साच्याला बॉक्स म्हणाली. अवकाळी पाऊस आला तर काय होतं ते सांगितलं. "रेन कम, ब्रिक गो बॅक टु मड. वन डे वर्क, गॉन. फादर नॉट शाउट. फादर लाफ. देन अगेन स्टार्ट." दहा मिनिटं बोलली. एकदाही मराठीकडे वळली नाही. शब्द अडला की हातांनी हवेत वस्तू काढून दाखवायची आणि पुढे जायची. मागे तिची आई साचा हातात तसाच धरून उभी होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती हसत होती.

परत येताना एसटीत बाईंनी वहीत अठरा लिहिले. मी शेजारी होतो. मी पाहिले.

त्या परीक्षेला माझी मुलगीही होती. ऋतुजा. लेखीत चौपन्न, तोंडीत बाईंनी चौदा दिलेले. अडुसष्ट. सगळ्या याद्या माझ्याकडे यायच्या आणि संगणकावर मीच भरायचो. आकडे भरून झाले, क्रम लागला, आणि ऋतुजाचा नंबर आला एक्केचाळीस. सुगंधाचे सत्तर होते. ती अडतिसावी.

मी किती वेळ तसा बसलो होतो ते आठवत नाही. फार नसेल. सुगंधाच्या नावापुढचा अठरा खोडला आणि तेरा केला. तिचे झाले पासष्ट. ऋतुजा चाळिसावी.

त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहितो. ती मुलगी अर्धं वर्ष भट्टीवर असते, तिला जागा देऊन ती वायाच जाणार. उलट माझी मुलगी रोज शाळेत येते. हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं. पण मी माती तुडवलेले ते पाय बघून आलो होतो. ज्याने बघितलं नव्हतं त्याने असं केलं असतं तर निदान अज्ञान तरी म्हणता आलं असतं.

यादी लागली. दुपारच्या सुट्टीत बाई कार्यालयात आल्या.

"सर, सुगंधाचे तेरा झालेत."

"हो का?"

"मी अठरा दिलेले. तुमी बाजूलाच बसलेला. टाइप करताना चुकलं असंल. चष्म्याचा नंबर बघा एकदा, आणि दुरुस्त करा."

त्यांनी मला रस्ता काढून दिला होता. मी म्हणालो, "सही झाली बाई यादीवर. आता बदलायची म्हणजे सगळाच घोळ."

बाई नुसत्या थांबल्या. हात पुढे बांधलेले, मान जराशी तिरकी. शिपाई आला, माठात पाणी ओतून गेला. मी कागद सारखे केले, परत सारखे केले. मग मी म्हणालो, "तशीही ती अर्धं वर्ष इथे नसतेच."

"ते मी विचारलं नाय," बाई म्हणाल्या. आणखी थोडं थांबून निघून गेल्या.

मी वाट बघत होतो, आता मुख्याध्यापकांकडे जातील, वही आपटतील. काही झालं नाही. जूनमध्ये मात्र त्यांनी एक अर्ज दिला. सेमीच्या तुकडीचं इंग्रजी सोडून साध्या तुकडीचं मागितलं. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला.

"बाई, लोक वरची तुकडी मागतात."

"वर कोन आणि खाली कोन, ते तुमी ठरवा. मला तिकडं ऐकायला साठ पोरं मिळतील."

पुढची तीन वर्षं साध्या तुकडीच्या खोलीतून जो आवाज यायचा तसा मी आमच्या शाळेत कधी ऐकला नव्हता. पोरं इंग्रजीत भांडायची. एकदा बाईंनी मुरबाडच्या म्हशींच्या बाजाराचा सौदा वर्गात लावला, सगळा इंग्रजीत, आणि मागच्या बाकावरची दोन पोरं एका म्हशीच्या दातांवरून खरोखरीच हातघाईवर आली. सेमीची मुलं खिडकीत जमायची. त्यात ऋतुजाही. सेमीत ती घाबरून गेली होती, तोंडच उघडत नव्हती. एक दिवस मधल्या सुट्टीत तीच आपणहून टाकीजवळ जाऊन उभी राहिली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. मग रोजच. दोन वर्षं. माझ्या मुलीला बोलकं केलं ते त्यांनी. मी लांबून बघायचो आणि दुसऱ्या जिन्याने जायचो.

दहावीच्या वर्षी सुगंधा भट्टीवर गेली नाही, वाडीतच राहिली. इंग्रजीत तिला चांगले गुण मिळाले. तिने शहापूरला अकरावी विज्ञान घेतलं. पण इंग्रजी बोलता येणं वेगळं आणि आम्ल, पेशी, त्रिकोणमिती इंग्रजीतून शिकलेलं असणं वेगळं. शेजारची सेमीची मुलं ते शब्द तीन वर्षं वापरून आली होती. पहिल्या सहामाहीनंतर तिने विज्ञान सोडलं. मी गणिताचा माणूस. तिला कुठे अडलं असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बाई निवृत्त झाल्या. ऋतुजा पुण्याला नोकरीला लागली. गेल्या वर्षी घरी आली असताना कोणाला तरी फोनवर सांगत होती, "माझं आयुष्यातलं पहिलं यश म्हणजे सेमीला नंबर लागला ते. चाळिसावी, पण लागला." मी शेजारच्या खोलीत होतो. त्यानंतरच्या रविवारी मी धसईला गेलो.

बाई ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. केस पार पिकलेले. मला बघून म्हणाल्या, "या सर. हात धुवा आणि बसा सोलायला." मी बसलो. पाच-सात वाल सोलून झाले आणि मी सांगून टाकलं. सगळं, आकड्यांसकट.

"माहीत हाय," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कळलेलं. मी यादीकडं बोट दाखवत होते आणि तुमी जमिनीकडं बघत होता."

"मग मुख्याध्यापकांकडे का नाही गेलात?"

"दारापर्यंत गेले होते. तेवढ्यात तुमची ऋतुजा समोरून आली. पेढे वाटत होती. मला पन दिला एक." बाईंनी वालाचं साल टोपलीत टाकलं. "बारा-तेरा वर्षांची पोर. मी तिकडं तोंड उघडलं असतं तर अर्ध्या तासात साऱ्या शाळेला कळलं असतं. ती परत आली असती का शाळेत?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, बाईंनी मला सोडून दिलं. त्यांनी माझा विचारच केला नव्हता.

"आणि सुगंधा?" मी विचारलं.

त्यांचे हात थांबले.

"ती जूनमधी आली. यादी अजून लागलेलीच होती. वाचून माझ्याकडं आली. 'बाई, मला तेराच?' म्हणाली. मी हो म्हटलं." हातातला न सोललेला वाल त्यांनी सालांच्या टोपलीत टाकला. "काय सांगणार होते? खरं सांगितलं तर तुमची पोर उघडी पडत होती. म्हणून हो म्हटलं. ते तेरा माझेच, असं ती आजपन धरून चाललीय. बाईंना आपलं बोलणं आवडलं नाय, असं. एका पोरीला झाकायला दुसरीला उघड्यावर टाकलं मी. ते बरोबर केलं की नाय, मला अजून कळलेलं नाय, सर."

साध्या तुकडीतल्या त्या तीन वर्षांचा अर्थ मला तेव्हा लागला. जिने आपल्याला तेरा दिले असं सुगंधा समजत होती, तीच बाई तिच्यासमोर उभी राहून तिला शिकवत होती. आणि एका शब्दाने स्वतःला सोडवून घेत नव्हती.

"मी आता काय करू?" मी विचारलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने विचारावा असा तो प्रश्न नव्हता.

"मला सांगून काय उपेग? मला माहीतच होतं. तिला सांगा." बाई उठल्या. "आसनगावला असते. कल्याणला दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसते. आज रविवार, घरी असंल. अडीचची गाडी हाय मुरबाडची."

"आजच?"

"मग काय मुहूर्त बघताय?" त्यांनी आत सुनेला हाक मारून वाल तिच्या ताब्यात दिले आणि चपला घातल्या.

मुरबाडला गाडी बदलली, शहापूरला रिक्षा. वाटेत बाई या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. भात झोडायचं यंत्र आणल्यापासून खळ्यावर कोणी गात नाही, असं काहीतरी सांगत होत्या. सुगंधाची इमारत तीन मजली, वर जायला जिनाच. बाई खालच्या पायरीवर टेकल्या.

"गुडघे चढायचे नायत. आणि माझं वर कामपन नाय. तुमी जा."

दार सुगंधाने उघडलं. "सर? तुम्ही? या ना, बसा. दूध ठेवलंय, चहाच टाकते." मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा झाला असता आणि चहा झाल्यावर मी काही बोललो नसतो. उभ्या उभ्या सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. मध्ये एकदाही तोडलं नाही. तिने मला बोलावं, हाकलावं, असं मला फार वाटत होतं. ती सूट तिने मला दिली नाही.

"म्हणजे बाईंनी अठरा दिले होते?" एवढंच तिने विचारलं.

"हो."

"मग मी विचारलं तेव्हा तेरा का म्हणाल्या?"

तेही सांगितलं.

"बाई कुठे आहेत आता?"

"खाली."

ती अनवाणीच जिना उतरत गेली. दार उघडं, मी तिच्या घरात एकटा. दूध वर येत होतं. मी गॅस बंद केला. मग सज्ज्यात जाऊन खाली वाकून बघितलं.

बाई पायरीवरून उठायचा प्रयत्न करत होत्या आणि सुगंधा त्यांना उठू देत नव्हती. दोघींचे आवाज वरपर्यंत येत होते.

"बाई, अठरा?"

"अठरा."

"मग विसातले दोन कुठं गेले?"

"दोन मी कुनालाच देत नाय गो."

तिसऱ्या मजल्यावरून मला कळत नव्हतं सुगंधा हसते आहे की रडते आहे. ती बाईंच्या शेजारी त्याच पायरीवर बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्याकडे तोंड करून काही विचारलं. एवढं हळू की मला ऐकू आलं नाही. हे छापून येण्याआधी मी ऋतुजालाही सांगितलं आहे, आणि ती सध्या माझ्याशी बोलत नाही, हे बरोबरच आहे. पण त्या दुपारी मला फक्त एवढं दिसत होतं, की सुगंधा काहीतरी सांगते आहे, हातांनी हवेत आकार काढत सांगते आहे, आणि बाई ऐकताहेत. बराच वेळ दोघींपैकी कोणी वर बघितलं नाही. बघायचं काही कारणही नव्हतं.